पातेरा

आठवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवताना एक चूक दरवर्षी होते. फळ्यावर मी गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि गरुड अशी नावं एका ओळीत लिहिते आणि मधले बाण मुलांना काढायला सांगते. निम्म्याहून अधिक वह्यांत बाण उलटे येतात, सापाकडून निघून बेडकावर टेकलेले. मुलांचा विचार सरळ असतो: झडप साप घालतो, तर बाणही त्याच्याकडूनच निघायला हवा. मग मी सांगते की हा बाण शिकारीचा नाही, अन्नाचा आहे. बेडकात जे आहे ते सापात जातं, म्हणून टोक सापाकडे. मुलं खोडरबर काढतात आणि पाच मिनिटं वर्गात बाण फिरवण्याचं काम चालतं.

एका वर्षी बाण फिरवून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, गरुडाचा बाण कुठं जातो?"

मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला, त्यात 'विघटक' असं लिहिलं आणि गरुडाकडून एक तुटक रेघ तिथपर्यंत आणली. पुस्तकातही साधारण तसंच असतं. विघटक म्हणजे काय, दोन उदाहरणं द्या, जिवाणू आणि कवकं, एक गुण. मुलगी बसली, तास संपला. पण तो कोपऱ्यातला चौकोन माझ्या मनातून जाईना. आपण त्याला कोपऱ्यात का ठेवला, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा वर चढते, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. हे ज्याच्या अभ्यासातून पुस्तकांत आलं तो रेमंड लिंडेमन नावाचा अमेरिकी तरुण होता. मिनेसोटातल्या सीडर बॉग या लहानशा, उथळ, हळूहळू भरत चाललेल्या तळ्यावर पाच वर्षं तो आणि त्याची पत्नी एलिनॉर नमुने गोळा करत राहिले: पाण्यातलं शेवाळ, किडे, मासे, तळाचा चिखल. त्यातून त्यानं जो निबंध लिहिला तो परीक्षकांना पटला नाही. तळी एवढी कमी पाहिलेली आणि सिद्धांत एवढा मोठा, असं त्यांचं म्हणणं. हचिन्सन या प्राध्यापकानं आग्रह धरला म्हणून तो स्वीकारला गेला आणि १९४२ च्या ऑक्टोबरात छापून आला. लिंडेमन त्याआधीच, जूनमध्ये, यकृताच्या आजारानं गेला होता. वय सव्वीस.

त्या निबंधातली तळ्याची आकृती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थांबलेच. आपल्या पुस्तकातल्यासारखी खालून वर जाणारी शिडी तिथे नाही. सूर्यप्रकाश आहे, वनस्पती आहेत, लहानमोठे प्राणी आहेत, आणि या सगळ्यांच्या मधोमध आहे गाळ. जे मेलं, गळलं, खाऊन उरलं ते त्या गाळात येतं, आणि तिथूनच पुन्हा बाहेर जातं. आकृतीतले बाण त्या चिखलाभोवती फिरतात. आपण त्या निबंधातून आकडा उचलला आणि गाळ तिथेच सोडला. शाळेत पर्यावरण शिकवलंच पाहिजे असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये दिला, त्याला आता तीन दशकं उलटून गेली. या काळात मुलांना वाघ शिकवला, झाडं लावा शिकवलं, ओझोनचा थर शिकवला. कुजणं मात्र शिकवायचं राहिलं.

याला थोडी आपली भाषाही कारण असावी. कुजणं हा शब्द आपल्या तोंडी चांगल्या अर्थानं येतच नाही. टोचून बोललं की ते कुजकं बोलणं. नोकरीत बढती मिळाली नाही की माणूस तिथे कुजत पडला. एखाद्याचं वाटोळं झालं की आयुष्याची माती झाली. पण हीच भाषा इडलीचं पीठ आंबवते, दुधाला विरजण लावते, पाणी जमिनीत मुरवते. पिठातला जिवाणू आणि पाचोळ्यातला जिवाणू एकमेकांचे भाऊबंद आहेत. आपल्या जिभेला रुचलं ते आंबलं आणि न रुचलं ते कुजलं, एवढाच त्यांच्यातला फरक. आणि ज्या मातीला आपण नासाडीचं नाव दिलं तिलाच काळी आईही म्हटलं. कुणी गेलं की आपण मातीला जातो. शब्दांत कुठेतरी जाण शिल्लक आहे. ती फक्त बोलण्यात वर येत नाही.

कोकणात गळलेल्या पानांना पातेरा म्हणतात. हा शब्द मला पाचोळ्यापेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात पावलाखालचा आवाज आहे. पातेरा बघायचा तर देवरहाटीत जावं. देशावर देवराई म्हणतात, आमच्याकडे देवरहाटी. ग्रामदेवतेच्या नावानं राखलेला रानाचा तुकडा, कुठे चार गुंठे, कुठे काही एकर. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या या राया पायी फिरून पाहिल्या, त्यांची नोंद केली, आणि लोकांच्या श्रद्धेनं राखलेलं हे रान वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं केवढं मोलाचं आहे ते जगापुढे मांडलं. देवरहाटीबद्दल बोलताना लोक तिथल्या उंच सातवीणीबद्दल, मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेलीबद्दल, बारमाही झऱ्याबद्दल बोलतात. मला तिथला सगळ्यात मोठा नियम वेगळाच वाटतो. झाड तोडायचं नाही हा नियम तर सरकारी जंगलातही असतो. जुन्या जाणत्यांच्या देवरहाटीत पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नसे. वाळलेलं पानही देवाचं. ज्यानं हा नियम घातला त्याला नत्र आणि स्फुरद ही नावं ठाऊक नव्हती. पण पडलेलं तिथेच राहिलं पाहिजे, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

दर पावसाळ्यात एकदा मी मुलांना देवरहाटीत नेते. चपला बाहेर काढायच्या, देवीला नमस्कार करायचा आणि मग गुडघ्यावर बसायचं. झाडाकडे बघायचंच नाही, हातभर जमीन बघायची. सगळ्यात वर यंदाची पानं असतात, अजून आकार न सोडलेली, पावसानं चामड्यासारखी झालेली. ती बाजूला केली की खालची पानं एकमेकांना चिकटलेली मिळतात, त्यांच्यावर काळे ठिपके आणि पांढरे बारीक तंतू, जणू कुणी टाके घालून ती एकत्र शिवली आहेत. ते तंतू कवकाचे. लाकडाला आणि पानाच्या शिरांना ताठ ठेवणारं लिग्निन फोडणं फार थोड्यांना जमतं, आणि त्यात पहिला मान या कवकांचा. आणखी खाली पानांची नुसती जाळी उरते. मांसल भाग गेलेला, शिरा तेवढ्या राहिलेल्या, उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं अशी. तिथेच एखादा पैसा किडा वेटोळं करून बसलेला असतो. त्याच्याही खाली बोट घातलं की पान संपतं. काळीभोर, रवाळ, ओलसर माती हाताला लागते. कुठल्या थराला पान संपलं आणि माती सुरू झाली, ते एकाही मुलाला अजून दाखवता आलेलं नाही. मलाही नाही.

ती माती मी त्यांना नाकाशी धरायला सांगते. पहिल्या पावसात येतो तोच वास. या वासाचं मुख्य द्रव्य जिओस्मिन, आणि ते तयार करतात मातीतले तंतुमय जिवाणू, म्हणजे कुजवण्याचं काम करणाऱ्यांपैकीच. ज्या मृद्गंधावर आपण इतक्या कविता केल्या तो त्या कोपऱ्यातल्या चौकोनाचा वास आहे.

एका वर्षी वाटेत वारुळावर अळंबी उगवलेली मिळाली. गोव्यात हिलाच अळमी म्हणतात आणि पावसात ती चढ्या भावानं विकली जाते. एका मुलानं ती उपटली तर देठ तुटला. म्हणून दुसऱ्यानं बोटानं माती उकरत देठाचा माग काढला, आणि तो मुळासारखा खाली खाली जातच राहिला. वीतभर उकरल्यावर मुलं थकली. तो देठ वारुळाच्या पोटातल्या बागेपर्यंत जातो. ही वाळवी पातेरा आणि लाकूड चावून आणते आणि तिच्यावर कवक वाढवते. तिला न पचणारं कवक फोडतं, आणि मग ते ती खाते. आपण हिला घर पोखरणारी म्हणून ओळखतो. रानात हीच वाळवी मेलेल्या झाडाला जमिनीत परत नेते, आणि तिच्या बागेचं फूल आपण कांद्याबरोबर परततो.

या कामाकडे सगळ्यात जास्त आदरानं ज्यानं पाहिलं तो चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा डार्विन मुलांना माहीत असतो, गांडुळांचा नसतो. १८३७ मध्ये त्यानं गांडुळं माती कशी घडवतात यावर पहिलं टिपण वाचलं आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याच विषयावर शेवटचं पुस्तक लिहिलं. मधल्या काळात, १८४२ च्या डिसेंबरात, त्यानं आपल्या घराजवळच्या शेतावर खडूचे तुकडे पसरले आणि वाट बघत राहिला. एकोणतीस वर्षांनी, १८७१ मध्ये, चर खणला. जमिनीपासून सात इंच खाली पांढऱ्या खड्यांची सरळ रेघ मिळाली. खडू खाली गेला नव्हता. गांडुळांनी खालची माती गिळून वर आणून टाकली होती, आणि शेत वर चढलं होतं. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरावर वर्षाला दहा टनांहून जास्त कोरडी माती त्यांच्या पोटातून जाते असा त्याचा हिशेब होता. गांडुळाला पान टोकाकडून ओढायची समज असते का, हे बघायला त्यानं कागदाचे त्रिकोण कापून बिळांपाशी ठेवले. कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवून पाहिले. हवेतल्या आवाजाची त्यांनी दखल घेतली नव्हती, पियानोतून कुंडीत उतरलेल्या थरथरीनं मात्र ती बिळात शिरली. जगभर ज्याच्या नावानं वाद चालला होता तो माणूस उतारवयात कुंडीवर वाकून गांडूळ बघत होता. माझ्या मुलांना डार्विन द्यायचा तर मी हा देईन.

कुजण्याची साखळी तुटली तर काय होतं, हे आपल्या देशानं माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर पाहिलं. माझ्या लहानपणी शेजारचा बैल मेला की त्याला गावाबाहेरच्या माळावर टाकत. थोड्या वेळानं आभाळात एक ठिपका दिसे, मग दहा, मग चाळीस. गिधाडं उतरत, त्यांची झटापट दूरवर ऐकू येई, आणि संध्याकाळी गुरं परतताना तिथे पांढरी हाडं तेवढी उरलेली असत. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. आम्हा मुलांना गिधाडांची किळस यायची, आणि मोठ्यांपैकीही कुणी त्यांच्याबद्दल बरं बोलल्याचं मला आठवत नाही.

१९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी ही घट पहिल्यांदा नोंदवली. मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर मिळे, मूत्रपिंडं निकामी झालेली असत. कारण सापडेना. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते पाकिस्तानात सापडलं आणि २००४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं: डायक्लोफेनॅक. आपण कंबर दुखली की घेतो तेच. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या जनावराला ते टोचत. ते जनावर लगेच मेलं तर औषध मांसात राही, आणि ते मांस खाल्लेलं गिधाड थोड्याच दिवसांत मरे. फार जनावरांत औषध असायचीही गरज नव्हती. दर एकशे तीस ते सातशे साठ मृत जनावरांमागे एकात ते असलं तरी एवढी घट घडायला पुरेसं होतं, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांतलं एक उरलं.

यात दुष्ट कुणी नाही, हे मला मुलांना सांगावंसं वाटतं. ज्यानं ते औषध विकत आणलं त्याला आपल्या बैलाची कळ बघवत नव्हती. त्याची माया खरी होती. त्याला फक्त बैलापुढचा बाण माहीत नव्हता. मेलेली जनावरं माळांवर पडून राहिली, पाण्यात गेली, कुत्री वाढली. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीला गिधाडं उरली नाहीत, तिथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावापायी देशात वर्षाला सुमारे एक लाख माणसं अधिक दगावली असा अंदाज दिला आहे. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये तशाच घातक आणखी दोन औषधांवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध हाताशी आहे. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. जे पंधरा वर्षांत गेलं ते पंधरा वर्षांत परत येणार नाही.

कुजायचं राहून गेलं की काय होतं याचा दुसरा दाखला आपल्या चंद्रपूर-वणीच्या खाणींत आहे. तिथला कोळसा म्हणजे सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीची झाडं. ती दलदलीत पडली, प्राणवायू पोचला नाही, कुजवणाऱ्यांचं काम अर्ध्यावर थांबलं आणि त्यांच्यातला कार्बन जमिनीत कोंडून राहिला. तो कोंडलेला कार्बन आपण दोनअडीचशे वर्षांत वर काढून जाळतो आहोत. हवामानबदल समजावताना मी आता इथूनच सुरुवात करते. पातेऱ्यातला कार्बनही हवेत जातो, पण तो गेल्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. खाणीतला तसा नाही.

आणि तरी वर्षानुवर्षं शनिवारी आमच्या शाळेचं आवार झाडून झालं की आंब्याफणसाची पानं मागच्या बाजूला गोळा करून पेटवली जात. काडी कधीकधी मीच लावलेली आहे. भाताच्या रोपासाठी शेतकरी राब भाजतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याला त्या वाफ्यातलं तण मारायचं असतं, राख तिथेच हवी असते, आणि तो ती पिढ्यान् पिढ्यांच्या मापानं करतो. त्याला दोन शब्द सुनवायचा मला अधिकार नाही. आम्ही मात्र पानं केवळ दिसू नयेत म्हणून जाळत होतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून दंडही ठरवला आहे. पण मी थांबले ते दंडाच्या भीतीनं नाही. एका शनिवारी त्या ढिगाच्या धुरातून एक पैसा सरपटत बाहेर आला आणि माझ्या पायाशी येऊन त्यानं वेटोळं केलं. तेव्हापासून शाळेमागे खड्डा आहे.

त्या खड्ड्याशेजारी गेल्या आषाढात मुलांनी डार्विनचा लहानसा प्रयोग लावला. पाच जाळीच्या पिशव्या केल्या, एकीत शेवग्याची पानं, एकीत आंब्याची, एकीत फणसाची, एकीत सुती कापडाचा तुकडा आणि एकीत चॉकलेटचा वेष्टनकागद. प्रत्येक वस्तू तराजूवर तोलून वहीत लिहिली आणि हातभर खोल पुरली. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरायचं ठरलं. सुट्टीत दोघं मुलं मला न विचारता येऊन बघून गेली होती, हे नंतर कळलं. असल्या चोरीबद्दल मी कधी रागावले नाही.

उकरलं त्या दिवशी ऊन होतं. वेष्टन निघालं ते जसंच्या तसं, धुतल्यावर त्यावरची किंमत वाचता आली. वहीत वजन आधीइतकंच पडलं. कापड हातात घेताच विरलं. फणसाच्या पानांचा रंग गेला होता, आकार होता. आंब्याच्या पानांची कडेनं जाळी व्हायला लागली होती. एका मुलानं ती जाळी वहीच्या पानात दाबून ठेवली. शेवग्याची पिशवी ज्या मुलीच्या वाट्याला आली होती तिनं ती उलटी केली, झटकली, पुन्हा आत बघितलं. पानाचा मागमूस नव्हता. दोन-चार बारीक काड्या आणि जाळीला चिकटलेली काळी माती. 'काय उरलं' या रकान्यापुढे पेन्सिल टेकवून ती बराच वेळ बसून होती. मग तिनं मूठभर माती तळहातावर घेतली, नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, हिचं वजन करायचं ना? आणि खड्ड्यातली किती आणि पानाची किती, ते कसं ओळखायचं?"